खिडकीखालची भिंत

अंगठा पुन्हा भिंतीच्या आत गेला.

"मऊ पडलीय," लायल म्हणाला.

"कुठं?" मॅव्हिस टेबलाशी एकटीच पत्त्यांचा डाव मांडून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तिथंच. खिडकीखाली."

"म्हणजे तिसऱ्यांदा माती खाल्लीस."

लायल गुडघ्यावर हात टेकून कसाबसा उठला. वय अठ्ठ्याहत्तर. एवढं वाकायचं आणि एवढं उठायचं त्याला आता नको झालं होतं.

घर विकून त्यांना अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून हा कॅम्पर, गाडीमागं ओढत न्यायची चाकांवरची खोली, हेच त्यांचं घर. उन्हाळाभर ऑरेगनच्या किनाऱ्यावर तळ ठोकायचा आणि ऑक्टोबर आला की कॅम्पर पिकअपला जोडून ॲरिझोनात ऊन खायला जायचं. या वर्षी मात्र मुलीनं, डार्सीनं, फोनवर सांगूनच टाकलं होतं. शनिवारी येते. भिंत मऊ लागली तर कॅम्पर भंगारात, आणि तुम्ही दोघं माझ्या तळघरातल्या खोलीत.

"राग मानू नकोस बाबा," ती म्हणाली होती, "पण तुझ्याच्यानं आता होत नाही. तुझ्या लक्षात राहत नाही काही."

चुका त्याच्या हातून झाल्या होत्याच. पहिल्याच वर्षी त्यानं खिडकीच्या चौकटीखालची बारीक भोकं सिलिकॉननं बुजवून टाकली होती. ती भोकं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. कोंडलेलं पाणी उलटं भिंतीत उतरलं आणि सगळं प्लायवूड कुजलं. नवा कॅम्परवाला हमखास करतो अशी चूक. पण डार्सी अजून ती चारचौघांत सांगते आणि हसते.

आणि आता ते किटलीचं. रोज सकाळी तो किटली काठोकाठ भरून शेगडीवर ठेवायचा. बाहेरची कामं उरकून कॉफीसाठी आत यावं, तर किटली रिकामी.

"मी भरली होती गं."

"हो, आणि मी पिऊन टाकली! विसरलास म्हण सरळ."

तो किटली पुन्हा भरायचा. तिचं डोकं आधीपासून त्याच्यापेक्षा तल्लख. ती म्हणते म्हणजे विसरलाच असेल.

भिंत पुन्हा उघडली. आत ऊब राहायला भरलेला कापूस ओला झाला होता, तो उपसला, तीन दिवस पंखा लावून सांगाडा वाळवला, नवं प्लायवूड ठोकलं. आतल्या बाजूनं भिंतीला शोभेचा कागद चिकटवला. मॅव्हिसला तोच कागद हवा होता, गुलाबाच्या वेलीचा. विकलेल्या घराच्या कुंपणावर तसलीच वेल होती तिची. वेलीला वेल जुळवता जुळवता लायलचे डोळे दुखायला लागले.

शेजारच्या गाडीतला रॉस्को मदतीला आला. पंखा लावून कॅम्परमध्ये हवा कोंडायची आणि बाहेरून सांध्यांना साबणाचं पाणी फासायचं; जिथं फट असेल तिथं फुगा येतो. दोघांनी ती अख्खी बाजू साबणानं माखली. फुगा येईल तर शपथ!

"भोकं नाही ना बुजवलीस?" रॉस्कोनं डोळा मारला.

"मार खाशील हां."

"अरे, पण तीन आठवडे थेंब पडला नाही आभाळातून. पाणी येतंय कुठून?"

"जुनंच झिरपत असेल," लायल म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलं नव्हतं.

उरली नळीची परीक्षा. रबरी नळीनं खालून वर पाणी मारत जायचं: आधी चौकट, मग सांधे, शेवटी छत. एकानं आत बसून भिंतीवर हात ठेवायचा आणि ओल लागली की ओरडायचं. आतलं काम मॅव्हिसचं. याआधी दोन्ही वेळा नळी छतापर्यंत पोचली आणि ती ओरडली, "आलं पाणी!" दोन्ही वेळा लायलनं शिडीवर उभं राहून छताचा सांधा खरवडला आणि नव्यानं भरला होता. त्या कामानं त्याची पाठ गेली ती गेलीच.

शनिवारी डार्सी आली. पर्स ठेवायच्या आधी तिनं खिडकीखाली अंगठा दाबला. मग मूठ आपटली.

"टणक आहे की रे, बाबा!"

लायलला किती दिवसांनी बरं वाटलं. आपण अजून अगदीच वाया गेलेलो नाही, ॲरिझोना चुकत नाही.

"अशी नाही मान डोलवायची," तो म्हणाला. "नळीनं बघ, मग बोल. मॅव्हिस, तू बस आत."

"बसलेच आहे मी. तुम्ही बापलेक करा काय करायचंय ते."

नळ रॉस्कोच्या गाडीमागे होता. डार्सी तिकडे गेली. लायल नळीचं तोंड धरून खिडकीशी उभा राहिला. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

"बंद कर! बंद कर!" आतून मॅव्हिस ओरडली. "आलं पाणी, लायल! भिंत भिजली सगळी!"

लायलनं हातातल्या नळीकडे पाहिलं. ती कोरडी होती.

"बाबा," गाडीमागून डार्सीनं विचारलं, "सोडू का नळ?"

त्यानं खिडकीच्या काचेला कपाळ लावलं. मॅव्हिसचा एक हात ओल्या भिंतीवर होता. दुसऱ्या हातात किटली होती. कागदावरच्या एकेका गुलाबाच्या बुडाशी ती बेतानं पाणी घालत होती आणि वाकून काहीतरी लाडानं बोलत होती.

"बाबा? काय म्हणाली आई?"

लायलनं नळी खाली ठेवली. त्याला फार दमल्यासारखं झालं.

"राहू दे, डार्सी," तो म्हणाला. "गळणारच ती. मी परत ती भोकं बुजवली होती."