पितळी किल्ली

"झाले सगळे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"झाले," घड्याळजी म्हणाला.

टेबलावर बिस्किटांचे तीन जुने डबे होते आणि डब्यांत घड्याळजीचे घडीचे चाकू. तीस वर्षांत जमवलेले. ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही, नेमके तेच चाकू हा माणूस गोळा करायचा. बुटांच्या दुकानाने गिऱ्हाइकांना फुकट वाटलेला, माळ्याचा कलमं करायचा वाकड्या पात्याचा, कुणा डावखुऱ्यासाठी उलटा घडवलेला. घड्याळं दुरुस्त करून पोट भरायचं आणि जीव चाकूंना लावायचा, अशी त्याने आयुष्याची वाटणी करून टाकली होती. आज ते सगळे चष्मेवाल्याच्या घरी निघाले होते. चष्मेवालाही त्याच नादातला. जुन्या बाजारात एकाच चाकूवर एकदम हात पडला म्हणून दोघे कितीदा तरी कडाकडा भांडले होते.

खिडकीपाशी घड्याळजीचा मुलगा वर्तमानपत्र धरून बसला होता. सव्वीस वर्षांचा. अर्ध्या तासात त्याने पान उलटलं नव्हतं. उकाडा मरणाचा होता, तरी शर्टाच्या बाह्या तळहातापर्यंत ओढलेल्या.

त्याला हॉस्पिटलातून घरी आणून बारा दिवस झाले होते. एकटं सोडू नका आणि घरात धारेची वस्तू ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून भाजी शेजारणीकडून चिरून येत होती आणि घड्याळजीची दाढी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे होत होती. चाकू मात्र कपाटातच, कुलपात. आज सकाळी बायकोने त्याला फैलावर घेतलं. "कुलपाचं काय सांगता मला? चाकू हवेत की पोर हवंय, एकदा ठरवा. मी औषधं घेऊन येईपर्यंत घरात एकही राहता कामा नये."

चष्मेवाल्याने डबे पिशवीत भरले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि किल्ली?"

दिसायला ती जुन्या कुलपाची साधी पितळी किल्ली. पण डोकं अर्धं फिरवलं की पोटातून बोटाच्या पेराएवढं पातं बाहेर यायचं. तसा दुसरा चाकू दोघांनीही आजवर पाहिला नव्हता. चष्मेवाला दहा वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता.

"ती हरवली रे मागेच."

किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, घरातल्या बाकीच्या किल्ल्यांत लटकत होती. तिथे तिच्याकडे कोण बघतंय? बायकोलाही ती माळ्यावरच्या ट्रंकेची वाटायची. एवढी एक राहू दे, एवढ्याशा पात्याने काय होणार आहे, असं घड्याळजीने सकाळीच मनाशी ठरवलं होतं. ठरवताना त्याला स्वतःचीच लाज वाटली होती. पण हात काही त्या खिळ्याकडे गेला नव्हता.

चष्मेवाल्याने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खिडकीकडे वळून "येतो रे बाळा" म्हणाला आणि पिशवी सावरत जिना उतरू लागला.

दार लागलं. मुलाने वर्तमानपत्राची घडी घातली. उठून दाराशी गेला, जुडग्यातून नेमकी ती किल्ली काढली आणि वडिलांसमोर टेबलावर ठेवली.

"ही राहिली, बाबा."

घड्याळजीने किल्लीवरून नजर उचलून मुलाकडे पाहिलं. "तुला... तुला कशी ठाऊक?"

"मीच शोधली होती ना? भंगारवाल्याच्या टोपलीत. सात वर्षांचा होतो. त्या दिवशी तुम्ही मला खांद्यावर बसवून घरी आणलंत."

"मला वाटलं, विसरला असशील."

"त्या खुर्चीतून खिळा नीट दिसतो," मुलगा म्हणाला. पाऊस येईलसं वाटतंय, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. "बारा दिवस बघतोय. वर्तमानपत्र आड धरलं तरी ती दिसते." मग म्हणाला, "देऊन या ना ती. काका अजून जिन्यातच असतील."

घड्याळजीने किल्ली मुठीत धरली आणि अनवाणीच पळत सुटला. तीन मजले. चष्मेवाला त्याला फाटकापाशी सापडला. घड्याळजीने किल्ली त्याच्या पिशवीत कोंबली.

चष्मेवाल्याने पिशवीत डोकावून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आनंद मात्र दिसला नाही. "अरे, ही तर तुझी..."

"ने. लांब ने कुठेतरी. कुठे ठेवलीस ते मलाही सांगू नकोस."

एवढं बोलून तो वळला आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. बायको अजून आली नव्हती. वर पोरगा एकटा होता.

कठडा धरधरून तो चढू लागला. पहिला मजला. गुडघा कळ मारत होता. दुसरा. वळणावर येऊन त्याने भीतभीत मान वर केली.

मुलगा दाराबाहेर सगळ्यात वरच्या पायरीवर बसला होता. वळणावर आलेल्या माणसाला पहिल्या नजरेतच दिसेल असा, अगदी मधोमध. दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवलेले.

"सावकाश या, बाबा," तो म्हणाला. "मी इथेच बसलोय."