बिनधोक रस्ता

"आधी बिनधोक रस्ता शोध, मगच सायकलला हात लाव," असा दम बायकोने भरला होता. हिशेबनीसाने बिचाऱ्याने हेल्मेट घातलं, चकाकतं जाकीट घातलं, उपनगरातले सगळे गल्लीबोळ पालथे घातले. तरी गाड्या त्याच्या कोपराला घासूनच जायच्या. आज मात्र स्वारी शीळ घालत घरी आली.

"कुठून आलास?"

"हमरस्त्याने."

"अरे, जिवावर उदार झालायस का?"

"अगं, गाड्या आपणहून लांब सरकत होत्या! एक जण तर हात जोडून म्हणाला, 'काका, आधी तुम्ही जा.'"

बायकोने सायकलकडे पाहिलं. हँडलला एक मोठा डबा लटकत होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लाल ऑइलपेंट. झाकण सैल आहे.'

तिने भीत भीत झाकण उघडलं. आत सकाळी तिनेच भरून दिलेला जेवणाचा डबा होता.