दुसरा खोकला

घरातले सगळे फोटो पोटात सांभाळणारा जुना सर्व्हर काही केल्या सुरू होईना. सुरू होताना तो दोनदा खरखरायचा, म्हणून बायकोने त्याचं नाव 'मामंजी' ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याचे बाबाही, हयात असेपर्यंत, दोनदा खोकूनच खुर्चीतून उठायचे.

त्याने प्लग काढला, हार्ड डिस्क बाहेर काढून टेबलावर मांडल्या आणि सर्व्हरच्या रिकाम्या डब्यातली धूळ फुंकली.

"मामंजी, उठा की! चहा गार होतोय," बायको स्वयंपाकघरातून हसत ओरडली.

डबा खरखरला.

"बघ! माझंच ऐकतात!"

त्याने काढून ठेवलेल्या प्लगकडे पाहिलं. "अगं, हाक मारू नकोस..."

"का बरं? मामंजी, उठताय ना?"

डबा पुन्हा खरखरला, आणि त्याच्या पाठीमागे बाबांची खुर्ची सरकली.