तेराव्याचं पान

तेराव्याचं पान वाढून वैजयंतानं सासूच्या, अक्कांच्या, बोलत्या पडद्यासमोर आणलं, तेव्हा दीर श्रीधर तोऱ्यात म्हणाला, "वहिनी, अक्काच्या मरणाआधी यंत्रात उतरवून घेतलेल्या आठवणींतून आजारपण मी काढून टाकलं. पाहुण्यांशी हसरी अक्काच बोलू दे."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय? नुसतं कण्हणं तर होतं!"

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीच अक्कांनी अंथरूण धरलं होतं. पुढची नऊ वर्षं अक्का पेज प्यायच्या ती तिच्याच हातून, झोपायच्या त्या तिच्याच मांडीवर.

पडदा उजळला. अक्का गोड हसल्या. "श्री, आलास? आणि ही कोण रे? कामाला नवी बाई ठेवलीस?"

वैजयंतानं पान श्रीधरच्या पुढ्यात आदळलं.

"ठेवली होती, अक्का. आज तिनं काम सोडलं."