दोन रांगांचं गाणं

“ती मिशी काढ आधी,” दार उघडता उघडता आमा खांद्रो म्हणाली. “ओठावर उंदीर बसल्यासारखा दिसतोय.”

सेल्डनचा चेहरा पडला. रूझवेल्ट अव्हेन्यूवरच्या बारमध्ये संध्याकाळी तिचा कार्यक्रम होता. तिथे ती तिबेटी पुरुषाच्या वेशात गाते आणि सगळे तिला ग्यालपो म्हणतात, म्हणजे राजा. खाली मोमोच्या गाडीवाल्याने तिला “काय भाऊ?” म्हणून हाक मारली, तेव्हा हा राजा खुशीत तीन जिने उड्या मारत चढून आला होता. आणि इथे दारातच त्याची मिशी गेली.

“आमच्या खाम मुलखातल्या पुरुषांना मिशी यायची ती अशी इथे-तिथे. त्या चार केसांना लोणी लावून दिवसभर पीळ देत बसायचे.” आमाने तिला खिडकीपाशी बसवलं, तिच्याच हातातली काजळाची पेन्सिल घेतली आणि ओठाच्या दोन्ही कडांना थोडे केस रेखाटून दिले. मग एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. “आता बरा दिसतोस.”

सेल्डन चपापली. आमा तिला नेहमी पोरी म्हणायची.

गेले कित्येक महिने ती या घरी येत होती. म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करायची, फोनमध्ये भरून घ्यायची आणि बारमध्ये, लग्नांत, जिथे कुणी ऐकेल तिथे गायची, हा तिचा ध्यास. आमाने धान्य मळायची गाणी दिली, पाळण्याची दिली. एकच दिलं नाही. ते दोन रांगांचं होतं. पुरुषांची रांग विचारणार, बायकांची रांग उत्तर देणार. “समोर कुणी विचारल्याशिवाय उत्तर कसं देऊ? येडी आहे का मी?” एवढंच म्हणून आमा विषय संपवायची. मागच्या आठवड्यात तिला दम लागला म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं, आणि सेल्डनची झोप उडाली. त्या रांगेतल्या बाकीच्या बायका कधीच गेल्या होत्या. आमाबरोबर गाणंही जाणार होतं. म्हणून आज ती विचारणारा होऊन आली होती.

“आणि छातीवरचा झोळ रिकामा?” आमाने तिच्या पट्ट्यावर फुगलेल्या चुब्यात, त्या पायघोळ अंगरख्यात, हात घातला. “रिकाम्या झोळाचा पुरुष म्हणजे घरातून हाकललेला. आमची रांग त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.” तिने आत लाकडी वाटी ठेवली, बिस्किटांचा पुडा ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि टीव्हीचा रिमोटही कोंबला. “सुरी नाही घरात. हा चालेल.”

सेल्डनला हसू आवरेना. फोन चहाच्या कपाला टेकवून तिने सुरू केला आणि समोर उभी राहिली. “पण आमा, मला पुरुषांचे शब्द कुठे येतात?”

“त्यांना तरी कुठे यायचे? प्यायलेले असायचे मेले. आम्हीच समोरून ओठ हलवून सांगायचो.”

आमा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खिडकीबाहेरच्या पुलावरून गाडी धडधडत गेली, ती जाऊ दिली. मग तिने नुसते ओठ हलवले आणि सेल्डनने खालच्या पट्टीत विचारलं,

“वरच्या कुरणात गवत मायंदाळ, माझा घोडा तुझ्या दारी का थांबतो?”

आमाचा आवाज आला तो सेल्डनने कधी ऐकलाच नव्हता. कोवळा, खट्याळ, जरा उद्धट.

“घोड्याला विचार, मला काय विचारतोस? त्याला तहान असेल, आमच्या दारी पाणी आहे.”

“खिंडीत बर्फ पडलं, वाट बुजली. रात्रीपुरती तुझी चूल मिळेल का?”

“चूल आहे, ऊबही आहे. फुंकायला माझा बाप बसलाय.”

सेल्डन हसली आणि पुढची ओळ चुकली. “विसरलास? सगळे इथेच विसरायचे,” आमा म्हणाली. तिच्या गालांवर लाली चढली होती. कुठल्यातरी खळ्यात, कुणाच्यातरी समोर ती उभी होती आणि तिथून तिला परत आणावं असं सेल्डनला मुळीच वाटत नव्हतं. आमाने सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा ओठ हलवले.

“उद्या आमचा तांडा मिठाला निघेल. मी परत येईन तेव्हा तू कुठे असशील?”

उत्तराच्या जागी आमाने भिंतीला हात टेकला. सेल्डनने वाट पाहिली. तिला वाटलं, दम लागला. तिने पटकन खुर्ची पुढे ओढली.

“बसायचं नाही मला. झालं गाणं.”

“आणि उत्तर?”

“याचं उत्तर त्याच दिवशी देत नाहीत. तो मिठाला जाऊन परत आला, तरच.”

“आमा, मी कुठली मिठाला जातेय! मी जाणार त्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये.”

“मग तिथे जाऊन ये.”

“आत्ताच सांगा ना. एकच ओळ.” मोठ्याने म्हणू नये ते सेल्डनच्या तोंडून निघून गेलं. “उद्याचं कुणी सांगावं?”

आमाने बाहीच्या टोकाने ओठ टिपले आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

“आमच्या गावातले सगळे पुरुष अगदी हेच म्हणायचे.”