व्हिसा लागत नाही

कोरी पानं : सगळी.
दीड किलो चिवडा.
ताटात पसरलेले तांदूळ.
परतीचं तिकीट.
चांदवड.
खिडकीची जागा.
"बाबा, ही रेणुका कोण?"

शेवटचा प्रश्न तनयचा. पंचवटीतल्या घरात, दुपारी तीन वाजता, मोबाइलवर आईचा पासपोर्ट स्कॅन करताना त्यानं तो विचारला. चार वाजता मुंबईची गाडी येणार होती. दुसऱ्या दिवशी मॉरिशसचं विमान.

"असेल कुणीतरी," वेणीमाधवराव पंच्याची घडी घालत म्हणाले. "तू आईचा पासपोर्ट लाव."

"आईचाच लावलाय."

वेणीमाधवराव रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. यजमानानं गाव आणि आडनाव सांगायचं, की हे लाल फडक्यातली वही सोडणार आणि दोन मिनिटांत त्याच्या पणजोबांच्या सहीवर बोट ठेवणार. यजमान पुढे काही बोलू लागला, तर हात वर करून म्हणणार, "थांबा. नाव आहे माझ्याकडे." त्या हातावर घाटावर त्यांचं नाव झालं होतं.

परदेशाची तयारीही त्यांनी तशीच केली. "व्हिसा लागत नाही म्हणजे धर्मशाळा नव्हे," असं महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं. "पासपोर्टची मुदत बघतात. परतीचं तिकीट बघतात. उतरणार कुठे, खाणार काय, सगळं विचारतात." लाल शाईनं यादी केली. एकेका ओळीपुढे खूण केली. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. यादीत फक्त नाव नव्हतं. नाव कुणी यादीत लिहितं का?

आता त्यांनी चष्मा लावला. पासपोर्टवर फोटो गोदावरीबाईंचा होता. शेजारी लिहिलं होतं, रेणुका सदाशिव मुळे.

अडतीस वर्षांपूर्वी ताटात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीनं त्यांनीच 'गोदावरी' असं लिहिलं होतं. तेव्हापासून सासरी, शेजारी, घाटावर सगळ्यांना गोदावरीच ठाऊक. तनयच्या शाळेच्या दाखल्यावरही गोदावरी. फक्त आधार कार्डाच्या शिबिरात त्या एकट्या गेल्या होत्या, मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन. पासपोर्ट आला तो त्या आधारावर.

"म्हणजे तिकीट गोदावरीचं, आणि जाणार रेणुका," तनय म्हणाला. त्यानं विमान कंपनीला फोन लावला. अकरा मिनिटं गाणं वाजलं. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, स्पेलिंग दुरुस्त होईल, माणूस बदलता येणार नाही.

वेणीमाधवरावांनी फोन हिसकावला. "माणूस तोच आहे! माझी बायको आहे ती!"

"सर, त्यांचं नाव?"

वेणीमाधवराव बॅगेवरच बसले.

फोन गुणगुणत राहिला. "राहू दे," शेवटी ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी' हे गोदावरीबाई दहा वर्षं ऐकत होत्या. एकदा विमानात बसायचं आणि वरून जमीन बघायची, एवढंच त्यांचं मागणं. पण कधी अधिक महिना आडवा आला, कधी पितृपक्ष. आता सिंहस्थ लागला की घाट सोडायचं नाव नको. पुढचं वर्ष कधी उजाडणार, हे त्यांना चांगलं कळत होतं.

त्यांनी चिवड्याच्या पिशवीला रबर लावलं. दुहेरी.

"तुम्ही जा ना," त्या म्हणाल्या. "गोदावरीला घेऊन."

"अगं, काय बोलतेस?"

"मी माझी येते."

चिवड्याच्या खालून त्यांनी एक कागद काढला. तनयनं तो वाचला. परत वाचला. रेणुका मुळे. तेच विमान. परतीचं तिकीटही होतं. जाताना खिडकी, येताना खिडकी.

"यशश्रीताईचं काम ना हे?"

"पुण्याला लेक असली म्हणजे बरं असतं."

"माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?" वेणीमाधवरावांचा आवाज चिरकला.

"बघत होते, माझ्या नावावर कधी बोट पडतंय तुमचं."

तनय हसू दाबायला पाणी प्यायला गेला. वेणीमाधवराव उठले. कोनाड्यातली वही काढली, लाल फडकं सोडलं, मांडी घातली आणि कोरं पान उघडलं.

"गाव?" त्यांनी विचारलं. घाटावर विचारतात तसंच.

त्या समोर बसल्या. पदर सारखा केला. "चांदवड."

"आडनाव?"

"मुळे."

हात वर गेला नाही. टाक शाईत बुडला आणि कागदावर थांबला.

"नाव?"

"रेणुका."

"णुचा उकार पहिला की दुसरा?"

"पहिला."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वेणीमाधवरावांनी शाई वाळू दिली.

तिकिटं काढली त्या दिवशी, पासपोर्टचा नंबर आणि दोन्ही तारखा वाचून दाखवल्यावर, बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "नाव सांगू?" आणि वेणीमाधवराव म्हणाले होते, "थांब. नाव आहे माझ्याकडे."