शेवटचं कोरं पान

माधवरावांची शेवटची आठ पानं राहिली होती आणि चारुलताबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

कादंबरीत काय होणार, याची त्यांना बिलकुल फिकीर नव्हती. बंगल्यातल्या म्हाताऱ्याला पुतण्यानं मारलं काय नि स्वयंपाकिणीनं मारलं काय, त्यांचं काही अडत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष होतं ते छापलेली पानं संपल्यावरच्या कोऱ्या पानाकडे. मंडळाच्या कपाटातलं पुस्तक नेलं की वाचून झाल्यावर तिथं पेन्सिलीनं दोन ओळी अभिप्राय लिहायचा, खाली सही नि तारीख, असा चेन्नईतल्या त्या मराठी मंडळाचा जुना रिवाज. कपाट एकच, आणि त्यातल्या रहस्यकथा फार तर पन्नास. कुणी पुण्याला जाऊन आलं तर दोन-चारांची भर पडायची, एवढंच.

"पुतण्याच!" माधवराव पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. "साठाव्या पानावर ओळखला होता मी. औषधाची बाटली डाव्या हातानं उघडतो, तिथंच फसला लेकाचा."

"काय सांगता!" चारुलताबाई म्हणाल्या. हेच सगळं, अगदी डाव्या हातासकट, त्यांनी फेब्रुवारीत ऐकलं होतं. त्याआधी दिवाळीच्या सुमाराला.

म्हणून तर पुस्तक घरी आलं की त्या आधी ते स्वयंपाकघरात न्यायच्या, नवऱ्याचा जुना अभिप्राय खोडरबरानं खोडायच्या आणि मगच त्यांच्या हातात द्यायच्या. चोरीच ती. पण दुसरं काय करायचं? विसरलात हो तुम्ही, असं तोंडावर सांगायचं? वाचताना किती खुशीत असायचा माणूस! त्यांच्यानं सांगवत नव्हतं, बस्स.

त्यात येत्या रविवारचं लचांड. कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या ऋजुतानं फोन करून माधवरावांकडून कबूल करून घेतलं होतं, की नुकत्याच वाचलेल्या रहस्यकथांवर त्यांनी मंडळात बोलायचं. तेव्हापासून त्यांची तयारी चालली होती.

"ऐक," ते समोरच्या कागदावरून वाचू लागले. "पहिल्या कादंबरीत पोलीस चहाच फार पितात. दुसरीत प्रेत सापडायला शंभर पानं जातात, तोवर वाचणाराच मरायला टेकतो. तिसरी बरी आहे, पण शेवटी खुनी उभा राहून आपणहून सगळं सांगतो. अरे, कोण सांगतं असं? पकडला तरी माणूस नाहीच म्हणतो! कसं वाटतंय?"

"छान," चारुलताबाई म्हणाल्या. भर सभेत कुणी म्हणालं, अहो माधवराव, हे तुम्ही मागंही सांगितलं होतं, तर? त्या कॉफी करायला उठल्या.

कॉफी घेऊन आल्या तेव्हा कादंबरी संपली होती. माधवरावांनी पेन्सिल उचलली, शेवटचं पान उघडलं. वर मंडळातल्या उदयसिंहांचा अभिप्राय, खाली ऋजुताचा, मधे चार बोटं कोरी जागा. पेन्सिल तिथं टेकली आणि थांबली. त्यांनी पुस्तक उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात तीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. तयार झालेला भाग उजेडात तिरपा धरायचा, ओरखडा दिसला की बाजूला काढायचा. चारुलताबाईंच्या आता ध्यानात आलं. पेन्सिल खोडता येते. पण हे दाबून लिहिणारे. कागदावर उठलेला वळ कसा खोडणार?

"अहो, कॉफी गार होतेय."

"थांब जरा." ते एकेक शब्द लावत होते. "पुतण्या... बाटली... डावा हात. आणि हे दोनदा लिहिलंय, एकावर एक." मग हळूच म्हणाले, "अक्षर माझं आहे."

चारुलताबाईंनी कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"तू खोडलंस?"

"हो."

त्यांनी रविवारचा कागद जवळ ओढला. "ही तिन्ही पुस्तकंसुद्धा?"

"हो."

खाली वेस्ट मांबलमच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली. माधवरावांनी ओरडावं, कप आपटावा, काहीही करावं, असं चारुलताबाईंना वाटत होतं.

"चारू," शेवटी ते म्हणाले, "याआधी मी तुला पकडलंय का गं?"

नाही म्हणायचं, असं त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. पण ते असं एवढंसं तोंड करून बघत होते की खोटं ओठांवर येईना.

"दोनदा."

"मग काय केलं मी?"

"पहिल्यांदा फार रागावलात. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. दुसऱ्यांदा... दुसऱ्यांदा रडलात हो."

"आणि मग?"

"मग विसरलात."

माधवरावांनी मान हलवली. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.

"ये, बस इथं," ते म्हणाले. "या खेपेला काय करू मी? पटकन सांग. अजून लक्षात आहे तोवर."